परक्या गावातली पहिली रात्र

मांजरसुंब्याच्या घाटमाथ्यावर सावली बघून बसा. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या ट्रकचा आवाज येत राहील, येऊ द्या. तुम्ही लांबून, कदाचित समुद्रापलीकडून, गावात राहून काम शिकायला आला आहात. वही मिटून ठेवा. भाद्रपदातलं ऊन आहे. बालाघाटाच्या खडकाळ माळावर सीताफळी लगडल्या आहेत. नुसतं तिकडं बघत राहा.

मनात पहिला प्रश्न येईल, या लोकांसाठी मी काय करणार? त्याला हाकलू नका, धरूनही बसू नका. त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवा. इथं मला कोण कोण शिकवतंय? सकाळपासूनचे चेहरे आठवा. ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारणारे आजोबा. भाकरी कडेला जाड राहते म्हणून तुमचा हात धरून परातीत फिरवणारी मावशी.

तिच्यापाशी थांबा. सावकाश.

दसरा झाला की ती घराला कुलूप लावते आणि ऊसतोडीला निघते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. परक्या शिवारात उतरल्यावर ती काय करत असेल, ते डोळ्यांपुढं आणा. आधी पाणी कुठं आहे ते बघायचं. मग बांबू रोवून कोपी उभी करायची, वर पाचट नाहीतर ताडपत्री. तीन दगडांची चूल. अंधार पडायच्या आत पोरांच्या हातात भाकरी. पहाटे कोयता घेऊन फडात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, महिनोन्‌महिने हेच.

परक्या गावात राहायचं कसं, याचं प्रशिक्षण तिला कुणी दिलेलं नाही. तुम्हाला इथं ओसरीवर सतरंजी अंथरून बसवतात. तिला त्या गावात कुणी असं बसवत असेल का? मला हा प्रश्न फार लागतो. तुम्हीही त्याच्यासोबत थोडा वेळ बसा, उत्तराची घाई नको.

इथून पाटोद्यावरून रस्ता जामखेडला जातो. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये आरोग्याचं काम सुरू केलं. शाळेची पायरीही न चढलेल्या कितीतरी बायकांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. पुढं देशोदेशींहून शिकायला येणाऱ्यांना याच बायका शिकवू लागल्या. शिकवण्यासारखं पुष्कळ जवळ असलेल्या बायका या घाटावरच्या गावांतही आहेत. त्यांच्यासमोर विद्यार्थी होऊन बसणारं कुणी हवं.

ऊन कललं की उठा. मावशीच्या दारात जा आणि परक्या गावातल्या पहिल्या रात्रीबद्दल विचारा. ‘त्यात काय सांगायचं?’ म्हणत ती आधी चहा ठेवेल. बसा. बोलू लागली की मधे बोलू नका. आजच जा, दसऱ्यानंतर ती इथं नसेल.