उडी कमी केली तेव्हा

श्रीरामपुरातल्या एका पोराचं नाव सलग दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या संघात आलं नाही. वय एकोणीस, हात डावा, चेंडू वेगात. यादी व्हॉट्सॲपवर पडली त्या संध्याकाळी त्यानं स्पाइक्स पिशवीत कोंबले आणि आईला सांगून टाकलं, "संपलं. उद्या आयटीआयचा फॉर्म भरतो." आईनं भावाला फोन लावला. मामा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. टेनिस बॉलच्या पलीकडे तो कधी खेळला नव्हता, पण मतं कसोटी कर्णधाराची.

"वय निघून गेलं मामा माझं," पोरगं म्हणालं.

"आपल्या गावचा झहीर खान सतराव्या वर्षी मुंबईला गेला. तोवर त्याला इथल्या मैदानाबाहेर कोण ओळखत होतं?"

पोरगं तयारीचं होतं. झहीरची आकडेवारी श्रीरामपुरात पाढ्यांसारखी पाठ असते. "मुंबईत सुधीर नाईक सर भेटले, मग चेन्नईच्या एमआरएफच्या गोलंदाजी अकादमीत गेला, बडोद्याकडून रणजी खेळला आणि ऑक्टोबर 2000 मध्ये नैरोबीला भारताकडून उतरला. तेव्हा बावीससुद्धा पुरे नव्हते. यात उशीर कुठं झाला, सांगा ना."

"संघात लवकर आला, गोलंदाज उशिरा झाला," मामा म्हणाला. "दोन्ही एकच धरतोस, तिथं चुकतोस."

मग त्यानं 2003 सालच्या विश्वचषकाची जोहान्सबर्गची फायनल काढली. पहिलं षटक झहीरचं. नो बॉल, वाइड, आणि षटक संपेतो पंधरा धावा. ऑस्ट्रेलियानं पुढे 359 केल्या, झहीरला सात षटकांत 67 पडल्या आणि विकेट एकही नाही. वेग होता, धावत येणं बघत राहावं असं होतं, शेवटची ती मोठी उडीही होती. चेंडू मात्र कुठं पडेल ते त्याचं त्याला कळत नव्हतं, असं मामाचं म्हणणं. नंतर मांडीचा स्नायू दुखावला, आत-बाहेर सुरू झालं आणि 2006 मध्ये तो संघाबाहेर बसला. वय सत्तावीस.

"मग?"

"मग गेला वूस्टरला. इंग्लंडात काउंटी खेळायला."

इथं मामा सावरून बसला. कसोटीचं ग्लॅमर नाही, प्रेक्षक मोजके, एक सामना उरकला की दुसऱ्या गावी जायचं. पगारी माणसासारखं रोज उठून गोलंदाजी टाकायची. अशा हंगामात मोठा रनअप अंगावर येतो. झहीरनं तो आखूड केला आणि उडीही कमी केली. म्हणजे लोक ज्यासाठी टाळ्या वाजवायचे तेच कापलं. बदल्यात चेंडूवर ताबा आला. नव्या चेंडूचा स्विंग, जुन्याचा रिव्हर्स आणि उजव्या हाताच्या फलंदाजाला अराउंड द विकेट येऊन घातलेला पेच, हे सगळं त्या हंगामात पक्कं झालं. काउंटीकडून पहिल्याच सामन्यात दहा बळी, जे वूस्टरशायरच्या कुणाला शंभर वर्षांत जमलं नव्हतं. एसेक्सविरुद्ध तर एका डावात पहिले नऊच्या नऊ त्याचे. दहावाही झाला असता, पण यष्टिरक्षकानं झेल सोडला. हंगामाअखेर 78 विकेट.

पुढचं मामानं भराभर उरकलं. 2007 ला ट्रेंट ब्रिजवर कुणीतरी खेळपट्टीवर जेली बीन्स टाकल्या, झहीर भडकला आणि सामन्यात नऊ बळी घेऊन गेला. भारतानं ती मालिका जिंकली. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी, शाहिद आफ्रिदीबरोबर सगळ्यांत जास्त. वानखेडेवरच्या फायनलमध्ये पहिली तिन्ही षटकं निर्धाव. शेवटी शेवटी त्याला मार पडला, ते मामानं सांगितलं नाही. पोराला ठाऊक होतं, पण तेही गप्प राहिलं.

"बघ," मामा म्हणाला, "मोठी फायनल तीच. आधीच्या फायनलला पंधरा धावांचं षटक टाकणारा हात तोच."

पोरगं पाघळलं नाही, हे मला आवडलं. असल्या गोष्टी ऐकून लगेच डोळे पुसणारी पोरं बोधकथेतच असतात. त्यानं नेमकी दुखरी जागा दाबली. "मामा, 2006 च्या शेवटी इरफान पठाणचा फॉर्म गेला म्हणून झहीरला दक्षिण आफ्रिकेला नेलं. जागाच रिकामी झाली नसती तर?"

प्रश्न रास्त होता. सत्ताविसाव्या वर्षी बाहेर पडलेले बहुतेक गोलंदाज परत येत नाहीत, आणि त्यांच्यातले सगळेच आळशी नसतात. झहीरच्या 92 कसोटी आणि 311 बळी सांगताना आपण नशिबाचा वाटा हळूच वजा करतो. मामा वजनकाट्यावरचा माणूस. वजावट त्याला कळत होती.

"नसती झाली," तो म्हणाला, "तरी वूस्टरच्या 78 विकेटी पडलेल्याच होत्या ना? त्या कोणत्या निवड समितीनं दिल्या?"

पोरगं थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत राहिलं. "माझी उडीपण लई मोठी पडते," ते म्हणालं. "सर दोन वर्षं सांगतायत. मला वाटायचं, त्यांना वेग कळत नाही."

"आणि तू यादीवर चिडून बसलास!"

"किती पावलं कमी करू?"

"ते मला काय विचारतोस? मी उसाचं वजन करतो. सकाळी सरांकडं जा."

"आणि आयटीआयचा फॉर्म?" आईनं आतून विचारलं.

"तोही भर म्हणावं," मामा म्हणाला. "वर्ग संध्याकाळी सुटतात, आणि सकाळी सहाला नेटमध्ये कुणी नसतं."