बहुतांची तहान आणि थोडक्यांचें वतन

थोडक्यांचें घर मोडून बहुतांची गरज भागविणें न्याय्य आहे काय? वरवर पाहतां हा प्रश्न सोपा वाटतो. माणसें मोजावीं व जिकडे संख्या अधिक तिकडे कौल द्यावा, असें पुष्कळ जण म्हणतील. परंतु वेल्स देशांतील एका खोऱ्याची हकीकत मनांत आणिली म्हणजे हा हिशेब अपुरा पडतो, असें आम्हांस वाटतें.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ देश. त्याच्या उत्तर भागांत बाला नांवाचें गांव आहे. तें आम्हांस अगदींच परकें नव्हे. सन १८०० मध्यें मेरी जोन्स नांवाची एक गरीब मुलगी पवित्र शास्त्र विकत घेण्यासाठीं सुमारें पंचवीस मैल डोंगरवाट चालून याच गांवीं उपदेशक टॉमस चार्ल्स यांजकडे गेली. पुढें १८०४ सालीं ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली, त्या कामांत चार्ल्स यांचा हात होता. आणि त्या सोसायटीच्या साहाय्यानें मराठी शास्त्रही छापलें गेलें.

बालाच्या वायव्येस ट्रवेरिन नदीचें खोरें आहे. भोंवतीं उघडे डोंगर, उतारांवर दगडी कुंपणें, ओलीं कुरणें व मेंढ्यांचे कळप. जवळच आरेनिगचा सुमारें २८०० फूट उंच डोंगर. या खोऱ्यांत कापेल केलिन नांवाचें लहानसें गांव होतें. उपासनामंदिर, त्याची दफनभूमि, शाळा, डाकघर आणि थोडीं शेतकऱ्यांचीं घरें, एवढाच त्याचा विस्तार. लोक वेल्श भाषा बोलत, तींतच प्रार्थना करीत व गात.

इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरास पाण्याची गरज होती. तेथें लाखों माणसें व मोठे कारखाने. शहरानें या खोऱ्यांत धरण बांधण्याचें ठरविलें. १९५६ सालीं गांवकरी आपल्या लेकरांसह लिव्हरपुलास गेले व रस्त्यांतून फिरून त्यांनीं आपलें गाऱ्हाणें मांडलें. परंतु शहरानें पार्लमेंटांत खासगी बिल आणिलें. त्यायोगें वेल्समधील स्थानिक अधिकाऱ्यांची संमति घेण्याची गरजच उरली नाहीं. १९५७ सालीं तें मंजूर झालें. वेल्सच्या ३६ सभासदांपैकीं एकानेंही त्याच्या बाजूनें मत दिलें नव्हतें. १९६५ सालीं सुमारें ८०० एकर भूमि पाण्याखालीं गेली. खोऱ्यांतील ६७ रहिवाशांपैकीं ४८ जणांचीं घरें गेलीं. कांहीं प्रेतें उकरून दुसरीकडे पुरण्यांत आलीं. बाकीचीं तेथेंच राहिलीं, आणि त्यांजवर पाणी चढलें.

आतां कोणी म्हणेल, ४८ जणांसाठीं लाखोंनीं तहानेलें राहावें काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. पाण्यावांचून लेंकरूं जगत नाहीं, आणि शहरांतील गरिबाचें लेंकरूं देवास खेड्यांतल्याइतकेंच प्रिय आहे. म्हणून तहान हा अपराध, असें आम्ही म्हणत नाहीं. अपराध येथें आहे कीं, ज्यांचें सर्वस्व जावयाचें त्यांची संमति अनावश्यक ठरविण्यांत आली.

नाबोथाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. अहाब राजानें प्रथम जुलूम केला नाहीं. त्यानें अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊं केलें. तरी नाबोथ नाहीं म्हणाला, कारण तें त्याच्या वाडवडिलांचें वतन होतें. जमिनीचें मोल रुपयांत होतें. परंतु जेथें आजा पुरला, जेथें आई पहिलें गीत शिकली, त्या स्थळाचें मोल कोणत्या तराजूनें करावें? त्याग हा देणाऱ्यानें द्यावयाचा असतो. दुसऱ्यानें हिसकावून घेतला म्हणजे त्याचें नांव त्याग राहत नाहीं.

कधीं कधीं अनेकांच्या प्राणांसाठीं थोडक्यांचें घेणें भागच पडेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तेव्हांही अगोदर दुसरा मार्ग शोधावा, जाणाऱ्याचें म्हणणें पुरतें ऐकावें, आणि घेतलेलें आपला हक्क न समजतां ऋण समजावें. लिव्हरपूलच्या नगरसभेनें २००५ सालीं या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तिनें तसें केलें हें बरें झालें. पण तोंवर खोरें बुडून चाळीस वर्षें झालीं होतीं. मोडलेल्या मंदिराच्या दगडांनीं तळ्याच्या कांठीं एक लहान स्मारकमंदिर उभारलेलें आहे; गांव मात्र परत आलें नाहीं.

बंधुजनहो, धरणें बांधणें आपल्या हातीं नाहीं. परंतु विहिरीची जागा, शेताची वाट, मंडळीची वर्गणी यांचे निकाल आपणच करितों. तेव्हां हात वर करून संख्या मोजण्यापूर्वीं, ज्या घराचें सर्वांत अधिक जावयाचें आहे त्या घराच्या माणसास आधीं बोलूं द्यावें. बहुमतानें निकाल लागतो. पण तो न्याय होण्यास एवढें तरी अवश्य पाहिजे.