पश्चिमेची भिंत

लोहगडाच्या पायथ्याला एका शेटजींनी जमीन घेतली. गडावर येणाऱ्यांसाठी त्यांना तिथे मुक्कामाचं घर बांधायचं होतं. सिमेंट नको, लोखंड नको, सगळं सामान इथलंच हवं, एवढी त्यांची अट. काम त्यांनी एका तरुण कारागिराला दिलं.

तरुण मनापासून राबला. काळ्या दगडाचं जोतं घातलं. कारवीचे कूड उभे करून शेणमातीने लिंपले. चैत्रात बांबू तोडला आणि ओलाच छपराला बांधला. सूर्यास्त दिसावा म्हणून पश्चिमेला मोठी खिडकी ठेवली आणि तो अडू नये म्हणून छप्पर आखूड केलं.

आषाढ आला. या घाटमाथ्यावर धो धो पाऊस होतो, आणि तो सरळ पडत नाही; वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आडवा येतो. आठ दिवसांत खिडकीखालची भिंत विरघळून जोत्यावर उतरली. दिवाळीनंतर बांबूतून पिवळट पीठ गळू लागलं. किड्यांनी तो आतून पोखरला होता.

"मातीचं काही खरं नाही," शेटजी म्हणाले. "आता सिमेंटच आणू."

तरुणाने एक वर्षाची मुदत मागितली आणि खालच्या वाडीत एका म्हातारीकडे गेला. तिचं कुडाचं घर तिच्या सासऱ्याने बांधलेलं होतं.

"आजी, तुमची भिंत कशी टिकली?"

"सांगून कळायचं नाही. राहा इथं. कामाला हातही लागेल."

तरुण राहिला. ज्येष्ठात म्हातारीने पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याच्या तट्ट्या बांधल्या. त्या बाजूला खिडकी नव्हतीच. लांब वळचणीखाली सरपण रचलेलं होतं. पागोळ्या जोत्यापासून हातभर लांब पडत आणि चरातून वाहून जात. आवणीला म्हातारी इरलं घेऊन वाकली. दिवसभर पाऊस कोसळला, तिची पाठ कोरडी राहिली. तरुणाने इरल्याची लांबी हाताने मोजून घेतली.

दसरा झाल्यावर तिने बांबू तोडायला लावला आणि ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवला. वाहत्या पाण्याने त्यातला गोडवा धुऊन नेला, की किडा त्याच्याकडे फारसा फिरकत नाही. मग तो सावलीत वाळवला.

एकदा ती त्याला एकवीरेच्या दर्शनाला घेऊन गेली. शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यात छताला लाकडी कमानी आहेत. म्हातारीने वर बोट केलं. "दोन हजार वर्षं झाली म्हणतात. लाकूडच आहे ते. पाऊस तेवढा लागला नाही."

तरुणाने घर पुन्हा बांधलं. माती तीच, कारवी तीच. बांबू मात्र मुरवलेला. खिडकी बुजवली, छप्पर पुढे ओढलं आणि पश्चिमेला पडवी काढली. पावसाळ्यात पडवी तट्ट्यांनी बंद करायची. दसऱ्याला तट्ट्या काढायच्या, की सूर्यास्त समोर.

पुढचा आषाढ तसाच आडवा आला. भिंत जागची हलली नाही.

म्हातारी घर बघायला आली. शेटजींनी तिला विचारलं, "मागच्या खेपेलाही सामान इथलंच होतं. मग बिघडलं कुठे?"

"सामान इथलं होतं, शेट. रीत इथली नव्हती."

शेटजींनी त्याच सुगीत पुढच्या तट्ट्यांसाठी वाडीतला पेंढा बोलून ठेवला.