मांडीवरचा प्रवासी

नातवाचा बोर्डिंग पास मी अजून पाकिटात जपून ठेवला आहे. त्यावर त्याचं नाव आहे, पुणे ते नागपूर लिहिलेलं आहे, पण आसन क्रमांक नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला विमानात वेगळी खुर्ची लागत नाही. जन्मदाखला दाखवायचा आणि त्याला मांडीवर घ्यायचं. एअर होस्टेसनं एक छोटा पट्टा आणून दिला, तो सुनेच्या पट्ट्यात ओवला आणि चौदा महिन्यांचं आमचं पोर आपल्या आईला बांधलं गेलं.

मुलाला रजा नव्हती, म्हणून सुनेच्या सोबतीला मी निघाले होते. तिचं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी शेवटच्या महिन्यांत प्रवास नको म्हटलं आणि ते पुण्यातच झालं. विहीणबाई बारशाला आल्या, पंधरा दिवस राहिल्या, रोज बाळाला तेल चोळून न्हाऊ घातलं. परत गेल्या आणि गुडघ्यांनी असा दावा साधला की त्यांचं घराबाहेर पडणंच थांबलं. तेव्हापासून आजीची भेट संध्याकाळी, फोनवर. पोर पडद्याला बिस्कीट भरवायचं, विहीणबाई तिकडे तोंड हलवून खाल्ल्यासारखं करायच्या. फोन ठेवला की काचेवर लाळ आणि चुरा उरायचा, तो मी पदरानं पुसायची. एकदा पुसता पुसता हात थांबला. असं किती दिवस पुसायचं? त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

रेल्वेनं पुणे-नागपूर म्हणजे अख्खी रात्र आणि वर आणखी काही तास. विमानानं सव्वा तास. लोहगावहून विमान उडालं तेव्हा मला वाटलं होतं, पोर खिडकीतून ढग बघेल. त्यानं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला पट्ट्याचं बक्कल सापडलं होतं. झाकण उचलायचं, सोडायचं, टक्. पुन्हा उचलायचं, टक्. जमिनीपासून तीसेक हजार फुटांवर त्याचं सगळं जग त्या बोटभर पत्र्यात होतं. मग सुनेनं दुधाची बाटली तोंडाला लावली. ती संपवून तो झोपला.

चूक झाली ती इथेच. कान दुखतात ते मुख्यतः विमान उतरताना, हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. वर असताना विमानातला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका कमी असतो. विमान उतरू लागलं की तो वाढतो आणि कानाचा पडदा आत दाबला जातो. नाकाच्या मागून कानात जाणारी एक बारीक नळी उघडली की दाब सारखा होतो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, ती उघडते. लहान मुलाची ही नळी अरुंद आणि जास्त आडवी असते, आणि त्याला ‘आवंढा गिळ’ असं सांगणार कोण? त्याच वेळी त्याला चोखायला काही मिळालं तर काम होतं. आमची बाटली रिकामी होती.

पोर झोपेतून दचकून उठलं आणि कान धरून असं रडलं की सुनेच्या डोळ्यांतही पाणी आलं. ती त्याला छातीशी धरून पुढे-मागे बघत ‘सॉरी, सॉरी’ म्हणत होती. दोन-चार माना वळल्या. एकानं सुस्कारा टाकला. मला पोराच्या रडण्यापेक्षा तिचं ते माफी मागणं जास्त लागलं. दुखलं म्हणून रडणाऱ्या लेकराच्या आईनं माफी कशाबद्दल मागायची?

माझा मुलगा लहान असताना आम्ही एस.टी.नं गावी जायचो. घाटात तो रडायला लागला की पुढच्या बाकावरची अनोळखी बाई हात पुढे करून म्हणायची, ‘आण इकडं.’ तो तिच्या मांडीवर जायचा, तिथून आणखी कुणाच्या. उलटीसुद्धा कुणाच्या तरी धोतरावर झालेली मला आठवते. त्या आजोबांनी ती झटकली आणि ‘लेकरूच हाय’ एवढंच म्हणाले. विमानात प्रत्येकाची खुर्ची वेगळी, पट्टा वेगळा, कानातली गाणी वेगळी. तरी त्या दिवशी पलीकडच्या खुर्चीवरचा विशीतला मुलगा वाकून म्हणाला, ‘ताई, रडू द्या त्याला. रडल्यानंही कान मोकळे होतात.’ ते खरंच आहे. सुनेचे खांदे सैल झालेले मी पाहिले. चाकं जमिनीला लागेपर्यंत पोर हुंदके देत शांत झालं होतं.

सोनेगावच्या विमानतळावर व्याही घ्यायला आले होते. गाडीत त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते डाक खात्यात होते. 1949 साली रात्रीची विमान-डाक सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परत पोचायची. वडील रात्रपाळीहून आले की सांगायचे, आज अख्ख्या देशाची ख्यालीखुशाली हातातून गेली. ‘आज आमच्या घरची आली,’ असं म्हणून व्याह्यांनी आरशातून मागे नातवाकडे पाहिलं.

विहीणबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ‘ये माझ्या बाबू! काय पाहून राहिला? मीच तं होय आजी!’ आवाज कानावर पडताच पोर सुनेच्या कडेवरून खाली वाकलं आणि तिच्या पर्सची चेन ओढू लागलं. आम्हाला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, ते फोन शोधत होतं. आजीचा आवाज फोनमधूनच येतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. समोरच्या बाईकडे त्यानं एकदा पाहिलं आणि आईच्या मानेत तोंड लपवलं.

विहीणबाई हसल्या, पण त्यांचे ओठ थरथरलेले मला दिसले. त्यांनी घाई केली नाही. खुर्चीतच बसून राहिल्या आणि हातातल्या बांगड्या हलवत राहिल्या. जेवणं झाली, दुपार झाली. वाटीत संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून ठेवलेल्या होत्या. पोर भिंतीला धरून धरून तिथवर आलं. एक फोड उचलली, चोखली, तोंड आंबट केलं. मग उरलेली फोड विहीणबाईंच्या तोंडाशी नेली. त्यांनी ती खाल्ली. तो त्यांच्या हलणाऱ्या गालाकडे बघत राहिला, गालाला बोट लावून पाहिलं आणि स्वतःहून मांडीवर चढला. दुखऱ्या गुडघ्यांवरचं ते ओझं त्यांनी संध्याकाळपर्यंत उतरू दिलं नाही. आम्ही घेऊ म्हटलं तरी ‘राहू द्या’ म्हणाल्या.

परतीच्या वेळी आम्ही बाटली भरून राखून ठेवली आणि विमान खाली झुकल्यावरच काढली. तरी पोर थोडं रडलंच. म्हणून वाचकहो, एक विनंती करते. तुमच्या मागच्या रांगेत असं लेकरू रडू लागलं आणि मान वळलीच, तर सुस्कारा टाकू नका. त्याच्या आईला एवढंच म्हणा, ‘असू दे गं, रडू दे त्याला.’