दहाव्या रात्रीची आरती झाल्यावर

आरती झाली आहे. टाळ खाली ठेवलेत, कापराचा वास अजून रेंगाळतोय, शेजारची मंडळी खिरापत घेऊन आपापल्या घरी गेलीत. गणपतीचा दहावा दिवस. उद्या अनंत चतुर्दशी. मखरापुढे सतरंजीवर निवांत बसा. जवळ एखादं सात-आठ वर्षांचं मूल असेल तर त्यालाही बसू द्या. माझ्याजवळ नात असते. ‘कलियुग आहे, असंच चालायचं,’ हे वाक्य तिने परवा कुणाच्या तरी तोंडून ऐकलं, आणि तेव्हापासून विचारतेय, ‘आबा, कलियुग संपणार कधी?’

उत्तराची घाई नको. आधी पापणी मिटा. उघडा.

एवढ्या वेळाला निमेष म्हणतात. आपल्याकडचं कालमापन इथून, आपल्या डोळ्यापासून सुरू होतं. विष्णुपुराणातलं कोष्टक असं: १५ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचा एक दिवस-रात्र. मुलाला हे पाठ करायला लावू नका, हिशेब आपण ठेवायचा. एका दिवस-रात्रीत ४,०५,००० निमेष होतात.

आता पुन्हा पापणी लवू द्या, आणि असं धरा की तेवढ्यात एक वर्ष गेलं. पावसाळा आला, दिवाळी झाली, आंबे संपले, शाळा उघडली. पापणी एकदाच लवली.

मुलाला त्याच्या वयाइतक्या वेळा पापण्या मिटू द्या. नातीचं सातात आटोपतं. मग ती माझं वय मोजायला घेते. अडुसष्ट लवण्यांचे पंधराएक सेकंद होतात, आणि ‘आबा, तुम्ही संपलात,’ हे ती फार आनंदाने जाहीर करते. हसू येऊ द्या. मोठ्या काळाचं भय मोठ्यांना वाटतं. मुलांना त्यात फक्त मोठेपणा दिसतो.

शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ सालचा. आपल्या या मापाने तो जेमतेम तीन पळांपूर्वी झाला. (एक पळ म्हणजे २४ सेकंद.) ज्ञानेश्वरी लिहून झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे साडेसहा पळांपूर्वी. आरतीतली शेवटची दोन कडवी चालू असताना.

इथे थोडं थांबा. समईकडे बघा.

आता युगं. कृत किंवा सत्ययुग १७,२८,००० वर्षांचं, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कलि ४,३२,०००. मिळून ४३,२०,००० वर्षांचं एक महायुग. आकडे ऐकून मूल जांभई देईल, द्यायलाच हवी. पण वर्षाला एक निमेष हे माप या आकड्यांना लावलं की महायुग दहा दिवस आणि वीस मुहूर्तांत मावतं. तिथी वाढली-घटली नाही, तर चतुर्थीच्या सकाळपासून चतुर्दशीच्या रात्रीपर्यंत. आपला गणपती बसतो तेवढा वेळ! हे जुळणं माझ्या मापाचं आहे, शास्त्राचं नाही. पण मराठी घरातल्या मुलाला याहून सोपं घड्याळ मला सापडलेलं नाही.

मनातल्या मनात हे अकरा दिवस पुन्हा चाला. चतुर्थीला सूर्योदयाला सहा वाजले असं धरून कृतयुग सुरू करा. मूर्तीवरचं फडकं काढलं, दूर्वा निवडल्या, पहिले मोदक झाले. पाचव्या दिवशी भर दुपारी, नैवेद्याचं पान वाढायच्या सुमारास कृत संपतं आणि त्रेता लागतं. आठव्या दिवशी संध्याकाळी त्रेता संपतं. राम होऊन गेला तो त्याच्या अखेरीला. मग द्वापर, जेमतेम दोन दिवसांचं. श्रीकृष्ण निजधामाला गेले आणि कलियुग लागलं, असं पुराणं सांगतात. तो क्षण आपल्या घड्याळात येतो दहाव्या रात्री साधारण आठ वाजून चोवीस मिनिटांनी.

म्हणजे आज. मघाशी.

त्याला किती वर्षं झाली? पंचांगातल्या शकाच्या आकड्यात ३१७९ मिळवले की कलियुगाची सरलेली वर्षं मिळतात. पाच हजारांच्या थोडं पुढे आपण आहोत. आर्यभटाने आपल्या वयाच्या तेविसाव्या वर्षी कलीची ३६०० वर्षं सरल्याचं नोंदवलं, तेव्हा इसवी सन ४९९ होतं. (गंमत म्हणजे त्याने चारही युगपाद सारखेच, १०,८०,००० वर्षांचे धरले.) पाच हजार आणि वर काही लवणी म्हणजे अठरा मिनिटं. एक घटकासुद्धा नाही. लग्नात पूर्वी घटिकापात्र ठेवायचे: घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडायची, ती चोवीस मिनिटांत भरून बुडाली की घटका झाली. ते पात्र मनात तरंगू द्या. कलियुगाची पहिली वाटी अजून पाण्यावरच आहे. घड्याळात पावणेनऊ वाजायचेत, आणि विसर्जन उद्या रात्री दहाला.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इथे दिलंत तरी चालेल. माझी नात मात्र पुढे विचारते, ‘पण कलियुग वाईटच ना?’

तिला बैल ठाऊक असतो. धर्माचा बैल, कृतयुगात चार पायांवर, मग तीन, मग दोन, आता एका. बहुतेक घरांत युगांची गोष्ट या बैलापाशीच संपते. मला ते बरं वाटत नाही. एका पायावरचा बैल पाहून मुलाला तत्त्वज्ञान सुचत नाही, बैलाची काळजी वाटते. निदान उरलेल्या पायाचं नाव तरी सांगा: भागवतात तो पाय सत्याचा आहे.

महाभारतात हीच गोष्ट एक मोठा भाऊ धाकट्याला सांगतो. वनपर्वात भीम द्रौपदीसाठी सौगंधिक फुलं आणायला निघतो आणि वाटेत हनुमानाची शेपटी त्याला हलवता येत नाही, हा भाग सगळ्यांना माहीत आहे. पुढचा भाग घरात सहसा सांगितला जात नाही. दोघेही वायूचे मुलगे. ओळख पटल्यावर भीम हट्ट धरतो: समुद्र ओलांडलास ते रूप मला दाखव. हनुमान म्हणतो, तो काळ निराळा होता. युगागणिक नद्या, डोंगर, झाडं, माणसं, सगळ्यांचा जोम बदलतो, आणि मीही काळाला धरूनच वागतो. मग तो चार युगं समजावतो. नारायणाचा रंग कृतात पांढरा, त्रेतात तांबडा, द्वापरात पिवळा, कलीत काळा. इथे मुलाला डोळे मिटून ते चार रंग एकामागून एक पाहू द्या. काळ्यापाशी जरा जास्त वेळ. तो रंग विठोबाचाही आहे.

शेवटी हनुमान ते रूप दाखवतोच, आणि भीमाला त्याच्याकडे बघवत नाही.

आता सतरंजीवर आडवे व्हा. मुलालाही होऊ द्या. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राचा मुलगा रोहित रानात हिंडत असतो. दमून घराकडे वळला की दर वेळी इंद्र माणसाच्या रूपात येऊन त्याला चालत राहायला सांगतो. त्या बोलण्यात ही चार नावं येतात, पण वर्षांची मोजणी नसते. निजलेला तो कलि, अंथरूण सोडू लागला की द्वापर, उभा राहिला की त्रेता, चालू लागला की कृत. मुळात ही फाशांच्या दानांची नावं, चारचं दान कृत आणि एकचं कलि. पण फाशांपेक्षा मला हे अंग उचलणं आवडतं. पडल्या पडल्या पाठीखालची जमीन जाणवू द्या. घाईने उठू नका.

पहिल्या दिवशी गुरुजींनी यजमानाच्या तळहातावर अक्षता देऊन पाणी सोडायला लावलं होतं, आठवतंय? तेव्हा ते भराभर जे म्हणत होते तो एक पत्ता होता. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, त्यातला श्वेतवाराह कल्प, त्यातलं वैवस्वत मन्वंतर, त्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण; मग जंबूद्वीप, भरतखंड, गोदावरीचा हा किंवा तो काठ, शक, महिना, तिथी, वार, आणि अगदी शेवटी आपलं गोत्र व नाव. टपालाचा पत्ता नावापासून सुरू होऊन देशापर्यंत जातो, हा उलटा येतो. हजार महायुगांचा, ४३२ कोटी वर्षांचा कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. आपल्या मापाने हजार गणेशोत्सव. त्यांतले साडेचारशेहून जास्त होऊन गेलेत. पृथ्वीचं वय विज्ञान सुमारे ४५४ कोटी वर्षं सांगतं, आणि हे दोन आकडे शेजारी ठेवून टाळ्या वाजवणारे पुष्कळ आहेत. मुलापुढे तो पुरावा म्हणून ठेवू नका. पत्ता तेवढा ठेवा, त्याच्या नावासकट.

नात आडवी पडून छताकडे बघतेय. ‘म्हणजे उद्या रात्री दहाला सगळं संपणार?’

‘उद्या गणपती पोचवताना आपण काय ओरडतो?’

ती उत्तर देत नाही. तिला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत आहे. बराच वेळ दोघंही गप्प असतो. मग ती कोपरावर रेलते.

‘आबा, समई बारीक झालीय.’

ती उठून बसते. उभी राहते. तेलाची बुधली आणायला स्वयंपाकघराकडे चालू लागते.