पाहुणे गोलंदाज आणि घरचा मारा

रणजी करंडकातील साखळी सामना चार दिवसांचा असतो. दिवसाला नव्वद षटके टाकायची आणि निर्भेळ विजय हवा असेल तर वीस बळी मिळवायचे. फलंदाजी दोन खंद्या फलंदाजांच्या जिवावर निभावून नेता येते; गोलंदाजीला ती सोय नाही. चार-पाच जणांनी आळीपाळीने मारा करावा लागतो, आणि त्यांतला एखादा पाठदुखीने बसला की बदली कोण, इथे संघाची खरी परीक्षा होते. चाकणच्या कारखान्यांत एकच सुटा भाग दोन पुरवठादारांकडून घेण्याची पद्धत आहे, कारण एकाचा माल अडला तरी लाइन थांबता कामा नये. गोलंदाजीतील खोली म्हणजे हीच दुसरी सोय.

महाराष्ट्राने ही सोय अलीकडे बाहेरून खेळाडू आणून केली. 2024-25च्या हंगामात विदर्भाचा मध्यमगती गोलंदाज रजनीश गुरबाणी आला, 2025-26मध्ये केरळचा ऑफस्पिनर जलज सक्सेना. त्याच हंगामात मुंबईचा फलंदाज पृथ्वी शॉही दाखल झाला. मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचे आणि नव्या राज्याकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून उतरायचे, ही वाट भारतीय क्रिकेटमध्ये जुनीच आहे. अमेरिकेतील कॉलेज बेसबॉलमध्ये बदलीसाठीची नोंदणी व्यवस्था 2018 मध्ये आली आणि तेव्हापासून तिथले प्रशिक्षक पिचरांची फळी याच मार्गाने भरून काढतात. गरज दोन्हीकडे सारखीच.

पाहुण्याचा उपयोग किती, हे 2025-26च्या पहिल्याच सामन्यात दिसले. तिरुवनंतपुरममध्ये केरळविरुद्ध महाराष्ट्राचे पाच फलंदाज अवघ्या 18 धावांत परतले. तिथून ऋतुराज गायकवाडने 91 धावा करून डाव सावरला, आणि त्याला साथ देत 49 धावा काढणारा जलज होता. आदल्या हंगामापर्यंत तो याच केरळकडून खेळत होता. रणजीत 6000 धावा आणि 400 बळी हा टप्पा सर्वांत आधी त्याने गाठला. इतका जाणता खेळाडू कोणत्याही अकादमीत दोन-तीन वर्षांत घडत नाही. ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्या तरुण फिरकीपटूचा त्यात फायदाच आहे.

तरीही विदर्भाचे उदाहरण वेगळे सांगते, आणि महाराष्ट्राने ते नीट अभ्यासायला हवे. वासिम जाफर आणि गणेश सतीश विदर्भात बाहेरून आले, पुढे करुण नायर आणि ध्रुव शोरी आले; हे सारे फलंदाज. गोलंदाज मात्र विदर्भाने मुख्यतः घरीच घडवले. 2017-18च्या अंतिम सामन्यात इंदूरला गुरबाणीने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली. षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी, पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर 145 धावांवर खेळणारा शोरी. तिघांचाही त्रिफळा उडाला. डावात त्याने 59 धावांत सहा बळी घेतले आणि विदर्भाने पहिल्यांदाच करंडक जिंकला.

पुढे शोरी विदर्भाकडे आला आणि गुरबाणी महाराष्ट्राकडे गेला. विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे केरळला गेला आणि 2025च्या अंतिम सामन्यात नागपूरला विदर्भाविरुद्धच उभा राहिला; त्याने 79 धावाही केल्या. इतके सगळे होऊनही त्या हंगामाचा करंडक विदर्भानेच जिंकला. सरवटेची जागा रिकामी झाली तेव्हा हर्ष दुबे तयार होता, आणि त्याने एका हंगामात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. खोली म्हणतात ती हीच. एक गेला तर दुसऱ्याने मागच्या वर्षीच पुरेशी षटके टाकलेली असतात.

महाराष्ट्राकडे असा कच्चा माल नाही असे मुळीच नाही. पिंपरी-चिंचवडमधील थेरगावच्या व्हेरॉक वेंगसरकर अकादमीतून ऋतुराज पुढे आला, तसाच डावखुरा फिरकीपटू विकी ओस्तवालही. 2022च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ओस्तवालने 28 धावांत पाच बळी घेतले. त्याच संघातला राजवर्धन हंगर्गेकर तुळजापूरचा. मुकेश चौधरी मूळचा राजस्थानच्या भिलवाड्याचा, पण शिक्षणासाठी पुण्यात आला आणि इथेच गोलंदाज झाला. पिंपरी-चिंचवडच्या वस्तीत देशभरातून आलेल्या कामगारांची मुले मोठी होतात, त्यामुळे गुणवत्तेचा साठा राज्याच्या सीमेपुरता मर्यादित राहत नाही. लहान वयात आलेल्या मुलाला इथल्या मैदानांवर वर्षानुवर्षे चेंडू टाकायला मिळतो. तयार होऊन आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत ते घडत नाही, आणि दोघांतला मोठा फरक हाच आहे.

महाराष्ट्राच्या गहुंजेतील घरच्या मैदानाचाही विचार करावा लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने इथे भारताचे 13 फलंदाज बाद केले. वळणाऱ्या खेळपट्टीवर अचूक डावखुरी फिरकी काय करू शकते, हे तिथे कळले. अशा ठिकाणी जलजचा ऑफस्पिन आणि ओस्तवालची डावखुरी फिरकी एकमेकांना पूरक आहेत. म्हणून पाहुणा गोलंदाज घ्यावा तो अशा जोडीचा, आणि दुसऱ्या टोकाकडून तरुणाला दीर्घ षटकमाला द्यावी. पाहुण्याला पस्तीस षटके आणि घरच्या गोलंदाजाला आठ, असे हंगामभर चालले तर पाहुणा परतल्यावर जागा पुन्हा तितकीच रिकामी राहील. जलजचा जन्म डिसेंबर 1986चा, म्हणजे या उसन्या अनुभवाला फार हंगाम उरलेले नाहीत. त्याच्या उत्तराधिकाऱ्याची षटके आताच मोजायला घ्यायला हवीत, निमंत्रितांच्या स्पर्धांपासून रणजीपर्यंत.