न दिसणारी वेदना

जखम दिसत नाही, एवढ्याने वेदना खोटी ठरते काय? अंबरनाथजवळ चिखलोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओझी वाहणाऱ्या एखाद्या कामगाराची कंबर वर्षानुवर्षे दुखते. क्ष-किरण चित्रात हाड शाबूत असते. मग घरचेच त्यास कामचुकार म्हणू लागतात.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेस वैद्यक दीर्घकालीन म्हणते. झिजलेल्या सांध्याची वेदना एक. मधुमेहाने किंवा नागिणीने बिघडलेल्या मज्जातंतूंची, आग होणारी, दुसरी. तिसरीत इजा सापडत नाही. वेदना जाणणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ साली प्रसिद्ध केलेली व्याख्या २०२० साली सुधारली, तेव्हा रुग्णाच्या सांगण्याचा मान राखावा, असे तीसोबत नोंदविले.

दुःख हा कर्मभोग होय, हे खरेच. परंतु हा विचार भोगणाऱ्याने स्वतःपुरता करावयाचा आहे; शेजाऱ्याने तो ऐकविला की निष्ठुरपणा होतो. मुंगी चिरडू नये म्हणून जपून पाऊल टाकणाऱ्याने दुखणाइतास ढोंगी म्हणावे, हे अहिंसाधर्मात कसे बसावे? औषध, झोप आणि बेताची हालचाल यांनी अशी वेदना बहुधा पुरती जात नाही, काहीशी उतरते. दुखत असता हालचाल करावयास धीर लागतो. तो घरच्यांच्या अविश्वासात कोठून यावा?